तेरा नंबरचा कान

“ह्यो एक शबुद काढा, ताई. बाकीचं खरं हाय. त्येच्याखाली म्या आत्ता सही करतो.”

सावळामामांचं बोट कागदावर ‘अदलाबदल’ या शब्दाशी थांबलं होतं. उजव्या हाताचं प्लॅस्टर आदल्या दिवशीच निघालं होतं. हात पांढराफटक आणि वाळलेला दिसत होता. मामा चौथीपर्यंत शिकलेले. निवेदनाच्या अकरा ओळी त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचल्या होत्या आणि सहाव्या ओळीत ते अडले होते. तिथे लिहिलं होतं, ‘माझ्या निष्काळजीपणामुळे प्रयोगातील उंदरांची अदलाबदल झाली.’

ते वाक्य मी टाईप केलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी इतरांना नावं ठेवायला लागले की तुम्हाला माझंही नाव आठवेल. माझं नाव सुलक्षणा. या केंद्राच्या ऑफिसात मी कारकून आहे.

“मामा, एका शब्दाला काय धरून बसलात?” संचालकसाहेब खुर्चीत मागे रेलले. “चौकशी संपवायचीय. वर रिपोर्ट जायचाय.”

“साहेब, कान परत पाडलं, व्हय. वहीत लिवलं न्हाई, व्हय. ती चूक माजी. पर जनावराची अदलाबदल म्या केली न्हाई. त्यो तीन नंबर दिसतोय ना, त्यो तेरा हाय.”

“मग त्याच्या कानाला तेराची खूण का नाही?”

“मिटली.”

“कानाचं भोक मिटलं?” साहेबांनी कोपऱ्यात बसलेल्या आरती मॅडमकडे पाहिलं आणि ते हसले. “ऐकलंत? मिटलं म्हणे.”

आरती मॅडम हसल्या नाहीत. त्यांचे डोळे रडून सुजले होते. मीही हसले नाही, पण माझ्या मनातही तेच आलं होतं. कानाचं भोक कधी आपोआप मिटतं का? मी सातव्या वर्षी कान टोचले ते अजून तसेच आहेत.

आमचं संशोधन केंद्र विंझरच्या पुढे, रस्ता सोडून थोडं आत, डोंगराच्या कडेला आहे. मी भोरहून सकाळच्या एसटीने निघते, चेलाडी फाट्याला उतरते, तिथून वेल्ह्याच्या गाडीत बसते. मामा उलट्या अंगाने यायचे, पासलीकडून. सतरा वर्षं ते प्राणीगृहात होते. पिंजरे बदलणं, भुसा घालणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, पिल्लांच्या कानांना नंबर पाडणं ही त्यांची कामं. नंबराची पद्धत साधी आहे. उजव्या कानाच्या कडेला खाचा पाडायच्या, त्या म्हणजे एक ते नऊ. डाव्या कानाला भोकं पाडायची, ती म्हणजे दहा, वीस, तीस, चाळीस. तेरा नंबरच्या उंदराला उजवीकडे तीन खाचा आणि डावीकडे एक भोक. चिमट्यासारखा छोटा पंच असतो, त्याने एका क्षणात होतं.

आरती मॅडमचा प्रयोग चाळीस उंदरांवर चालला होता. तो मला त्यांनीच एकदा चहाच्या वेळी समजावून दिला होता. मामाही तिथे उकिडवे बसून बशीतून चहा पीत होते. अंगाला जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. त्यांना वाट कशी कळते? तर त्यांच्या अंगावर एक रिसेप्टर असतो. जखमेतून जे रसायन सुटतं ते त्या रिसेप्टरला लागलं की पेशीला दिशा समजते आणि ती चालू पडते. चाळिसांतल्या काही उंदरांमध्ये हा रिसेप्टर जन्मापासूनच नव्हता. त्यांच्या पेशी कुठे जातात, की जातच नाहीत, हे त्यांना बघायचं होतं.

“म्हंजी हाळी दिली तरी त्यास्नी ऐकू येत न्हाई,” मामा म्हणाले होते.

“अगदी तसंच, मामा!” मॅडम खूश झाल्या होत्या. “पुढच्या भाषणात मी हेच सांगणार.”

कोणत्या उंदरात रिसेप्टर आहे आणि कोणत्यात नाही, हे मामांना ठाऊक नसायचं. त्यांना फक्त नंबर ठाऊक. कोणता नंबर कसला, ती यादी मॅडमच्या कपाटात असायची. म्हणून सगळा प्रयोग त्या कानांवर उभा होता.

आषाढात भाताची लावणी चालू असताना मामा खाचराच्या बांधावरून घसरले आणि मनगट मोडून बसले. सहा आठवडे रजा. तेवढ्यात पिंजरे बदलायला कंत्राटावरची माणसं आली, गेली. सहाव्या आठवड्यात मॅडमनी मोजणी केली आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. तीन नंबरचे दोन उंदीर. सात नंबरचे तीन. आणखीही काही नंबर दुहेरी. आणि तीन उंदीर तर असे, की त्यांच्या कानावर नंबरच नाही. दीड वर्षाचं काम. मामा रजेवरून परत आले तेव्हा चौकशीसाठी खुर्च्या मांडून झाल्या होत्या.

चौकशीत मामांनी सगळं सरळ सांगितलं. पावसाळ्याच्या आधीच त्यांना दिसलं होतं, की काही उंदरांच्या डाव्या कानाचं भोक महिन्याभरात भरून येतंय, उजव्या कानाच्या कडेच्या खाचा मात्र तशाच राहतात. भरत आलं की ते शनिवारी पिंजरा बदलताना त्याच जागी पुन्हा पंच मारायचे. कुणाला बोलले नाहीत, वहीत लिहिलं नाही.

“का लिहिलं नाही?” साहेबांनी विचारलं.

“तसं करायचं नसतं.”

“कुणी सांगितलं?”

याचं उत्तर मामांनी दिलं, पण ते ऐकून घ्यायला तिथे कुणाला वेळ नव्हता. मला ते त्यांच्याकडून नंतर नीट कळलं. मामा पासलीच्या वरच्या धनगरवाडीतले. शिमग्याच्या आधी त्या वाडीतल्या सगळ्या करडांच्या आणि कोकरांच्या कानाला खुणा करतात. प्रत्येक घराची खूण वेगळी. खूण करायची सुरी मात्र एकाच्याच हातात असते. वाडीने नेमलेल्या माणसाच्या. रानात सगळी जनावरं एकत्र चरतात, त्यामुळे हे करडू अमक्याचं आहे असं त्याने म्हटलं की ते त्याचं, पुढे कुणी बोलायचं नाही. एखाद्या करडाचा कान भरून आलाच, तर ज्याने कापला त्यानेच त्याच जागी पुन्हा कापायचा. गाजावाजा करायचा नाही, कारण गाजावाजा झाला की शेजाऱ्याच्या मनात शंका शिरते आणि मग भावकीत डोकी फुटतात. मामांच्या वडिलांकडे ती सुरी होती, त्यांच्यामागे ती मामांकडे आली. तीस वर्षं मामांनी वाडीची जनावरं ओळखली आणि एकदाही भांडण झालं नाही. तोच माणूस आमच्याकडे उंदरांचे कान पाडत होता. त्याने वाडीची रीत इथे पाळली, ही त्याची चूक. ती त्याने कबूल केली होती. पण अदलाबदल? सावळा मरगळे जनावर ओळखायला चुकला, असं लिहून द्यायचं?

“एक एक उंदीर म्या सांगतो,” मामा म्हणाले होते. “आना हितं पिंजरं.”

“कशावरून सांगणार?” साहेब म्हणाले. “सगळे एकाच रंगाचे, एकाच वजनाचे.”

“वळकतो म्या.”

“हे शास्त्र आहे, मामा. इथे ‘ओळखतो’ चालत नाही.”

पिंजरे आणले नाहीत. एवढं करायला पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं त्या खोलीतल्या एकाही शिकलेल्या माणसाने खर्च केली नाहीत, आणि अजूनही ते आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. नाकाने कांदे सोलणारी ही माणसं दिवसभर पुरावा, पुरावा करत असतात. पुरावा समोर उभा होता, पायात रबरी बूट घालून.

तर मामा सही करेनात. मग साहेबांनी आवाज खाली आणला. “हे बघा, तुम्ही सही केली नाहीत तर ठपका आरतीवर येतो. प्रयोग तिचा आहे. चार वर्षं झाली ती पीएचडीसाठी राबतेय. समिती तिचं रजिस्ट्रेशन रद्द करेल. करू दे का?”

मामांनी कोपऱ्यात पाहिलं. मॅडमनी मान खाली घातली. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर. पण पंचविशीच्या मुलीला तरी काय म्हणायचं, जिथे चाळिशीतली मी बोलले ते हे: “करा मामा सही. नुसता कागद आहे. फाईलला लागेल, मग कुणी बघणारही नाही.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. त्यांच्या रजेचे अर्ज मी लिहायचे, त्यांच्या मुलीच्या लग्नाला मी पासलीपर्यंत गेले होते. त्यांनी पेन घेतलं. मोडलेल्या हाताची बोटं वळत नव्हती, म्हणून डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून सही केली.

संध्याकाळी चार वाजता त्याच निवेदनाच्या आधारे निलंबनाचा आदेश निघाला. तोही मीच टाईप केला.

आश्विनात एक दिवस आरती मॅडम माझ्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी मागचं दार लावून घेतलं. चेहरा पडलेला होता.

“ताई, मामांच्या रजेच्या तारखा द्या ना.”

“आता कशाला?”

“ज्या उंदरांचे नंबर बिघडले होते त्यांना मी नवे नंबर दिले. स्वतःच्या हाताने भोकं पाडली. आज पाहिलं तर मिटत आलीत.” त्या खुर्चीत बसल्या. “मामा खरं सांगत होते, ताई.”

मी मस्टर काढला. तारखा जुळत होत्या. मामा कामावर होते तोवर एकही नंबर बिघडला नव्हता. ते गेले आणि सहा आठवड्यांत सगळं विस्कटलं. हा मस्टर माझ्याच कपाटात होता. चौकशीच्या दिवशीही तो तिथेच होता. मी तो काढून पुढे ठेवला नव्हता, कारण मला कुणी मागितला नव्हता. कारकुनाची अक्कल ही अशी असते.

रविवारी आम्ही दोघी पासलीला गेलो. एसटीने गावापर्यंत, तिथून वाडीवर चढ. भात पिवळं पडायला लागलं होतं. मामा अंगणात दावं वळत बसले होते. उजव्या हाताला पीळ नीट बसत नव्हता, तो पारूबाई देत होत्या, म्हणजे त्यांच्या मंडळी. आम्हाला पाहून पारूबाई उठल्या, पण या बसा म्हणाल्या नाहीत. धनगराच्या घरी दारात आलेल्याला या बसा न म्हणणं काय असतं, ते मला समजलं.

“आनखी कशावर सही पायजे?” त्यांनी विचारलं.

“पारू, पानी आन त्यास्नी,” मामा म्हणाले.

मॅडमनी सांगितलं, जमेल तसं सांगितलं. मग बॅगेतून घडी केलेली यादी काढली आणि ती मामांना दिसणार नाही अशी धरली. “मामा, तुम्ही कोणकोणते कान परत पाडले होते, आठवतंय?”

मामांनी दावं खाली ठेवलं. “तेरा. सतरा. वीस, त्ये लई भित्रं व्हतं. बावीस. सव्वीस, सत्तावीस, दोगं भाऊ. तीस. एकतीस. चौतीस. अडतीस.” ते थांबले. “आन् चाळीस. चाळीसचा कान समद्यात आदी भरायचा, ईस दिसांत.”

मॅडम एकेका नंबरापुढे खूण करत होत्या. शेवटची खूण केल्यावर त्यांनी यादी माझ्यापुढे धरली. दहाच्या पुढचे, रिसेप्टर नसलेले अकरा उंदीर. मामांनी सांगितलेले अकरा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

“हे कुणालाच माहीत नव्हतं,” मॅडम म्हणाल्या. “मामा, रिसेप्टर नाही म्हणून पांढऱ्या पेशी कानाकडे धावल्याच नाहीत. त्या धावतात तेव्हा जखमेची कड घट्ट होते, वण राहतो. इथे कुणी आलंच नाही, म्हणून कान नव्यासारखा भरून आला. हे फार मोठं आहे.”

“हाळी ऐकू आली न्हाई, म्हून कुनी आलं न्हाई. आन् कुनी आलं न्हाई म्हून जागा बरी झाली,” मामांनी सावकाश जुळवून पाहिलं. “असं बी असतं व्हय?”

“असतं.”

“बरं. मग त्यो कागूद फाडा आता.”

“फाडायला लावते,” मॅडम म्हणाल्या. “शब्द देते.”

मॅडम भांडल्या, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला पाहिजे. दुसऱ्याच दिवशी त्या साहेबांच्या केबिनमध्ये अर्धा तास होत्या आणि त्यांचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता. साहेबांनी त्यांचं अभिनंदन केलं. निलंबन मागे घेतलं. पण निवेदन? ते समितीकडे गेलंय, त्याचा निपटारा झालाय, आता ते काढायचं तर चौकशी चुकली असं लिहावं लागेल, आणि तसं लिहिलं तर या शोधाकडेच लोक संशयाने बघतील. तुझंच नुकसान, आरती. काम सुरू कर. मामांना बोलावून घेऊ, त्यांना काय, कामाशी मतलब.

कामावर रुजू व्हा, असं पत्र मी पासलीला पाठवलं. मामांचं उत्तर शेजाऱ्याच्या मोबाईलवरून आलं. “ताई, त्यो कागूद हाय तवर म्या येत न्हाई.” एवढंच. पुढची दीड वर्षं ते आले नाहीत. पेन्शनला थोडी वर्षं उरलेला माणूस. साहेब म्हणाले, अडाणीपणा आहे. मी मूग गिळून बसले.

परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात लेख छापून आला तेव्हा केंद्रात पेढे वाटले. मी मॅडमना म्हटलं, मामांबद्दल काय लिहिलंय ते मला मराठीत सांगा. त्या टाळायला लागल्या. मी हटले नाही. शेवटी त्यांनी खिडकीकडे बघत सांगितलं: “‘प्राणीगृहातील एका कर्मचाऱ्याच्या हातून खुणा करताना झालेल्या चुकीमुळे ही गोष्ट योगायोगाने लक्षात आली.’”

“चुकीमुळे?”

“साहेबांनी घातलं ते वाक्य. मी काढा म्हटलं होतं.”

“आणि त्या लेखावर पहिलं नाव कुणाचं आहे?”

“माझं,” त्या म्हणाल्या. अदलाबदल हा शब्द ज्या बोटांनी टाईप झाला ती माझीच होती, मी कुठल्या तोंडाने त्यांना पुढे विचारणार?

विज्ञान दिनाला, अठ्ठावीस फेब्रुवारीला, मामांचा सत्कार ठरला. साहेबांच्याच डोक्यातून निघालं. पुण्याहून पाहुणे येणार, वर्तमानपत्रवाले येणार, डोंगरातला माणूस आणि जागतिक शोध, फोटो छान येतो. मला वाटलं मामा येणार नाहीत. पण ते आले, एकटेच, धुतलेलं धोतर आणि खांद्यावर घोंगडी. फाटकाशी मी त्यांना गाठलं.

“ताई, आज देत्यात का त्यो कागूद?”

“शाल-श्रीफळ आहे, मामा.”

“शाल काय करू? माज्याकडं घोंगडी हाय.” मग ते जरा बाजूला आले. “तुमाला ठावं न्हाई. गेल्या शिमग्याला वाडीनं सुरी काढून घेतली माज्याकडनं. आता गोरखकडं हाय. हितल्या कंत्राटावर आमच्या खालच्या आळीचा एक जन व्हता, त्यानं वाडीत सांगितलं, का सावळानं सही करून दिलीया, मला जनावर वळकत न्हाई म्हून. गोरख चांगला हाय. पर माज्या बापाची सुरी हाय ती. कुनी भांडलं न्हाई, कुनी वाईट बोललं न्हाई. निस्ती मागितली. म्या दिली. काय म्हनणार? सही माजी हाय.”

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की तो कागद कुठल्या फाईलला लागला होता ते. आमच्या फाईलला लागलेला कागद वाळवीसुद्धा खात नाही. मामांचा कागद वाडीच्या तोंडाला लागला होता आणि तिथून तो कुणाला काढता येणार नव्हता. आणि मी म्हणाले होते, नुसता कागद आहे.

कार्यक्रम सभागृहात होता. साहेबांचं भाषण झालं. ते म्हणाले, विज्ञानात योगायोगाला मोठं स्थान आहे, आमच्या एका साध्या कर्मचाऱ्याच्या छोट्याशा चुकीतून एवढं मोठं दार उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी शाल उलगडली. मामांनी दोन्ही हात जोडले आणि ते तसेच जोडलेले ठेवले, त्यामुळे शाल खांद्यावर घालता येईना.

“साहेब, शाल नगं. माजा कागूद द्या.”

साहेब माइकपासून बाजूला झाले आणि हसत हळूच म्हणाले, “मामा, तो रेकॉर्डला आहे. तो विषय नंतर.”

“दीड वरीस नंतरच चाललंय. हितं समदी हायत. ह्यांच्यासमूर सांगा, का सावळानं अदलाबदल केली न्हवती. तोंडानं सांगा निस्तं, कागूद नगा देऊ.”

पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं. आरती मॅडम स्टेजवर मागच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या, मला वाटलं आता बोलतील, आणि त्या पुन्हा बसल्या. साहेबांनी शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि माइकवर सांगितलं, “मामांना गर्दीची सवय नाही. आपण पुढच्या विषयाकडे वळू.”

मामांनी हात सोडले. “मग रेकॉर्डला ह्ये बी लिवा,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “सावळा मरगळ्यानं शाल घेतली न्हाई.” ते स्टेजच्या पायऱ्या उतरले, घोंगडी खांद्यावर सरळ केली आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने बाहेर गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पहिल्याच रांगेच्या टोकाला बसले होते, वही मांडीवर घेऊन. कार्यक्रमाचं इतिवृत्त लिहिणं माझं काम.

मी लिहिलं. ‘श्री. सावळा मरगळे यांनी आपल्या निवेदनातील अदलाबदलीचा उल्लेख खोटा असल्याचे सांगितले व शाल स्वीकारली नाही.’ दुसऱ्या दिवशी साहेबांनी लाल पेनाने ती ओळ खोडून मसुदा परत पाठवला. मी ती ओळ पुन्हा टाईप केली. पुन्हा खोडली. तिसऱ्यांदा मी मसुदा घेऊन केबिनमध्ये गेले. एकवीस वर्षांत मी त्या टेबलापलीकडे उलट शब्द बोलले नव्हते.

“सुलक्षणाबाई, तुम्हाला मराठी समजतं ना? ही ओळ नकोय.”

“मग तुम्ही खोडा, साहेब, आणि खोडलं म्हणून शेजारी सही करा. मी ती काढून टाईप करणार नाही. आणि हे एक.” मी दुसरा कागद ठेवला. त्यावर मी माझ्या नावाने लिहिलं होतं, की चौकशीच्या वेळी मामांनी ‘अदलाबदल’ हा शब्द मान्य नसल्याचं माझ्यासमोर सांगितलं होतं, रजेचा मस्टर माझ्या कपाटात होता, तो मागवला गेला नाही आणि मी तो दाखवला नाही, सही करा असं मीच त्यांना म्हणाले. खाली सही, तारीख. बाहेर बसूनच आवक क्रमांक घालून आणला होता.

साहेबांनी तो वाचला. “याने तुमची चौकशी लागेल, कळतंय का?”

“लागू दे. माझ्याही निवेदनात काय लिहायचं ते मला माहिती आहे.”

त्यांनी सही केली नाही. खोडलंही नाही. इतिवृत्त तसंच फाईलला गेलं, माझा कागद त्याच्यामागे. माझी चौकशी लागली, ती अजून चालू आहे. मॅडम पुढच्या शिक्षणासाठी परदेशी गेल्या. जाताना माझ्या टेबलाशी जरा थांबल्या, मग निघाल्या.

दोन्ही कागदांच्या झेरॉक्स घेऊन मी शिमग्याच्या दोन दिवस आधी वाडीवर गेले. मामा नव्हते, शेरडं घेऊन वरच्या रानात गेले होते. पारूबाईंनी यावेळी घोंगडी पसरली. बसा म्हणाल्या. मी त्यांना दोन्ही कागद वाचून दाखवले. त्यांनी पदराने तोंड पुसत ऐकले.

“वाडीत दाखवते समद्यास्नी,” त्या म्हणाल्या. “पर सुरी आता परत न्हाई यायची, ताई. एकदा दुसऱ्याच्या हाती गेली का त्येची. कालच झालं कान कापायचं. गोरखनं कापलं.”

“मामा गेले होते?”

“गेलं की. समद्यांची करडं धरून दिली त्येनी. आपली न्हाई आनली.”

संध्याकाळी कळप उतरला. वाडीच्या चार-पाच घरांची जनावरं एकत्रच होती, धुळीत सगळी सारखी दिसत होती. करडं पायापायांत उड्या मारत होती आणि त्यांच्या कानांवर काल केलेल्या खुणा होत्या, रक्त वाळून काळं पडलेलं. मामा सगळ्यांत मागे होते. अंगणाशी आल्यावर त्यांनी कळपात हात घातला आणि न बघता दोन करडं उचलून बाहेर काढली.

त्या दोघांचे कान अखंड होते.

“यास्नी खूण न्हाई केली?” मी विचारलं. माझ्याही नकळत मी त्यांच्यासारखंच बोलले.

“कशापायी करायची?” मामा म्हणाले आणि ती करडं घेऊन गोठ्यात गेले.